देखणा नट आणि त्याचे काम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले तेव्हा कामगार कायद्यावर चार शब्द बोलावेत अशीच त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो हॉलिवुडच्या जुन्या नायकांच्या रूपाचा आणि अभिनयाचा. त्यावर चिटणिसांनी मुद्दाम विचारून घेतले, की पत्रात काही गफलत तर झाली नाही ना? गफलत झालेली नाही. तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत. शाळा नववीत सुटली. त्यानंतर इंग्रजी शिकलो ते दोन ठिकाणी : एक औद्योगिक न्यायालयाच्या निकालपत्रांतून आणि दुसरे जुन्या अमेरिकन बोलपटांतून. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार पंडिताचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो एका नियमित प्रेक्षकाचा आहे, आणि करारपत्रे वाचण्याची ज्याला सवय झाली आहे अशा माणसाचा आहे.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. धोबी तलावाचे मेट्रो थिएटर १९३८ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन चित्रसंस्थेने उघडले. पुढे तरुणपणी वडील पगाराच्या आठवड्यात तेथे सर्वांत स्वस्त तिकिटावर जात. भाषा कळत नसे, पण माणसे कळत. नाकीडोळी नीटस असा नायक पडद्यावर आला की ते म्हणत, "ह्याला काम करायची गरजच काय? ह्याचं तोंडच काम करतंय!" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकले आणि खरे मानले. देखणा नट म्हणजे सुमार नट, आणि बेढब नट म्हणजे खरा नट, अशी दोन खाती आमच्या मनात पडली. एका खात्यात टायरोन पॉवर, रॉबर्ट टेलर, केरी ग्रँट. दुसऱ्या खात्यात एडवर्ड रॉबिन्सन, चार्ल्स लॉटन, स्पेन्सर ट्रेसी. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातही अशीच खाती असतील. ही वाटणी कोणी केली आणि कशासाठी केली, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम हे नायक कामाला कसे लागत ते पाहू. १९३० आणि १९४० च्या दशकांत हॉलिवुडचा बहुतेक व्यवहार मेट्रो, पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स आणि आर. के. ओ. अशा थोड्या मोठ्या चित्रसंस्थांच्या हाती होता. नटाशी करार होई तो साधारणपणे सात वर्षांचा. पण ही सात वर्षे दोन्ही पक्षांना सारखी नव्हती. ठरावीक मुदतीनंतर नटाला काढून टाकण्याची मोकळीक संस्थेला होती. संस्था सोडून जाण्याची मोकळीक नटाला नव्हती. दिलेली भूमिका त्याने नाकारली तर बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडला जाई. म्हणजे सातांची आठ, आठांची नऊ. शिवाय संस्था आपला नट दुसऱ्या संस्थेला उसना देई आणि त्याचे जादा भाडे स्वतः ठेवी. एखाद्या कारखानदाराने आपला कामगार शेजारच्या कारखान्याला भाड्याने द्यावा आणि फरक खिशात घालावा, तसाच हा प्रकार होय. निलंबनाचा काळ जोडण्याची ही चाल १९४४ साली ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात मोडून काढली. सात वर्षे म्हणजे पंचांगाची सात वर्षे, असा निकाल तिने मिळविला आणि त्याचा फायदा नायकांनाही झाला.

आता या व्यवहारात रूपाची नोंद कोणत्या सदरात होत असेल? आमच्या मते ती यंत्रसामग्रीच्या सदरात होत असे. देखणा चेहरा ही संस्थेची मालमत्ता. तिला ओरखडा पडू द्यायचा नाही, आणि एकदा ज्या कामाला लावली त्या कामातून ती हलवायची नाही. रॉबर्ट टेलर याला १९३४ साली मेट्रोने करारबद्ध केले ते आठवड्याला ३५ डॉलरवर. दोन वर्षांत तो ग्रेटा गार्बोसमोर 'कमील' मध्ये नायक होता. वीस वर्षांहून अधिक काळ तो त्या एकाच संस्थेत राहिला. त्याच्या मुखाची बाजू इतकी रेखीव, की जाहिरातीत तिचेच गुणगान असे. तो थोर नट होता असा आमचा दावा नाही. पण त्याच्यात काय होते हे पाहण्याची घाई कोणालाच नव्हती, एवढे खरे.

आणि हे रूप तरी आयते येते का? क्लार्क गेबल याचे उदाहरण घ्या. याला हॉलिवुडचा राजा म्हणत. हा माणूस पोरवयात ॲक्रन येथील टायरच्या कारखान्यात कामाला होता, पुढे ओक्लाहोमात तेलाच्या विहिरींवर राबला. कान पंख्यासारखे, दात किडलेले, आवाज चिरका. जोझेफिन डिलन नावाच्या अभिनयशिक्षिकेने त्याला घडविले. पुढे ती त्याची पत्नी झाली. तिने त्याचे दात नीट करून घेतले, आवाज खाली आणायला शिकविले, उभे राहायला, चालायला शिकविले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात, येथे नायकाचेही वेगळेच होते! कान मात्र तसेच राहिले. म्हणजे ज्याला आपण रूप म्हणतो त्यातला निम्मा भाग मेहनतीचा होता. ती मेहनत पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती हिशेबात येत नाही.

मेट्रोने गेबलला कोलंबिया या त्या वेळच्या लहान संस्थेला उसना दिला. तेथे त्याने 'इट हॅपन्ड वन नाइट' हा १९३४ चा चित्रपट केला. त्यात रस्त्याच्या कडेला उभे राहून मोटारी कशा थांबवाव्यात याचे तो नायिकेला मोठ्या ऐटीत धडे देतो. अंगठ्याचे तीन प्रकार, तिन्हींचे शास्त्र वेगळे. मोटारीमागून मोटार निघून जाते, एकही थांबत नाही. त्याचा अंगठा हळूहळू वरमत जातो. मग नायिका फक्त झगा गुडघ्यापर्यंत उचलते आणि पहिलीच मोटार करकचून थांबते. देखण्या पुरुषाची फजिती त्याने स्वतःच्या चेहऱ्यावर इतकी मोकळेपणाने होऊ दिली, की आम्ही तो प्रसंग दहा वेळा पाहिला असेल. त्या भूमिकेला ऑस्कर मिळाले. भाड्याने दिलेला कामगार बक्षीस घेऊन मूळ कारखान्यात परतला.

पुढच्याच वर्षी 'म्युटिनी ऑन द बाउंटी' आला. जुलमी कप्तान ब्लाय झाला चार्ल्स लॉटन आणि बंड करणारा अधिकारी ख्रिश्चन झाला गेबल. या एकाच चित्रपटातून गेबल, लॉटन आणि फ्रँचॉट टोन असे तिघेजण उत्कृष्ट नटाच्या ऑस्करसाठी निवडले गेले आणि तिघेही हरले. बक्षीस व्हिक्टर मॅक्लॅग्लेनला गेले. पुढील वर्षापासून साहाय्यक नटांसाठी निराळी बक्षिसे सुरू झाली. आम्ही प्रथम पाहिला तेव्हा आम्हाला लॉटनच दिसला. ओठ पुढे काढलेले, भुवया गच्च, शब्द दातांखाली चावून फेकलेला. हा अभिनय, असे आम्ही शेजाऱ्याला सांगितले. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आम्ही गेबलकडे लक्ष दिले. हा माणूस तासभर नुसता सोसतो आहे. हुकूम ऐकतो, तोंड मिटतो, मान फिरवतो. ज्याने संप पाहिला आहे त्याला ठाऊक असते, की बंड ज्या दिवशी होते त्याच्या आधी अशा कितीतरी मिटलेल्या तोंडांचे दिवस गेलेले असतात. लॉटनचे काम मोठे होते, ते वरून दिसत होते. गेबलचे काम आत चालले होते. आपण दोघांची हजेरी घेतली, पण मजुरी एकाचीच मांडली.

दुसऱ्या खात्याकडेही न्यायाने पाहिले पाहिजे. रूप नसलेल्यांची चंगळ होती असे मुळीच नाही. हंफ्री बोगार्ट वॉर्नरच्या चाकरीत १९३० च्या दशकात वर्षानुवर्षे दुय्यम गुंडांची कामे करून शेवटच्या रिळात गोळी खात राहिला. 'माल्टीज फाल्कन' ची भूमिका त्याला १९४१ साली मिळाली तीसुद्धा जॉर्ज राफ्टने ती नाकारली म्हणून. एडवर्ड रॉबिन्सन ठेंगणा, बेडकासारख्या तोंडाचा, पण 'लिटल सीझर' पासून चाळीस वर्षे एकाहून एक सरस कामे केलेला. त्याचे नाव ऑस्करच्या स्पर्धेत एकदाही आले नाही. १९७३ साली सन्मानाचे पारितोषिक जाहीर झाले आणि समारंभापूर्वीच तो वारला. कुरूपता हेसुद्धा त्या कचेरीतले एक सदरच होते. गुंड, म्हातारा, विदूषक, कप्तान. या चार खोल्यांच्या बाहेर त्याने पाऊल टाकायचे नाही. कुलूप दोघांनाही होते, फक्त देखण्याच्या खोलीला पडदे मखमली होते.

आणि मुळात चेहरा कोणाचा धरायचा, हाही प्रश्न आहेच. मूकपटांच्या काळात सेसू हायाकावा हा जपानी नट 'द चीट' या १९१५ च्या चित्रपटाने अमेरिकन स्त्रियांचा लाडका झाला होता. पण १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मिती-संहितेने गोऱ्या आणि काळ्या वंशांचे प्रेमसंबंध पडद्यावर वर्ज्य ठरविले आणि व्यवहारात ही भिंत आशियाई नटांपुढेही उभी केली. 'द गुड अर्थ' या १९३७ च्या चित्रपटात चिनी शेतकरी झाला तो पॉल म्यूनी. आपल्या मुंबईत १९११ साली जन्मलेली मर्ल ओबेरॉन हॉलिवुडची नायिका झाली, पण आपला जन्म टास्मानियाचा असे सांगूनच तिला दिवस काढावे लागले. तेव्हा रूप म्हणून जे मोजले जात होते त्याची फूटपट्टीही मालकांचीच होती.

आता केरी ग्रँटविषयी. याचे खरे नाव आर्चिबाल्ड लीच. १९०४ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे जन्म. बाप कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवाला. पोरगा पेंडर नावाच्या माणसाच्या कसरतीच्या टोळीत शिरला, उड्या मारायला, पडायला, उंच काठ्यांवर चालायला शिकला आणि १९२० साली टोळीबरोबर न्यूयॉर्कला गेला. पॅरामाउंटशी झालेला करार संपल्यावर त्याने पुन्हा कोणा एका संस्थेला स्वतःला बांधून घेतले नाही. त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती, आणि त्याची उत्तम कामे त्यानंतरची आहेत हा योगायोग नव्हे. १९३७ च्या 'ऑफुल ट्रूथ' मध्ये बायकोच्या गाण्याच्या बैठकीत तो मागे खुर्चीवर रेलून बसतो आणि खुर्चीसकट कोसळतो. पडणे काय, कोणालाही येते. पण खुर्ची, टेबल, स्वतःचे हातपाय आणि गाणारीचा सूर या सर्वांचा मेळ घालून पडणे, आणि उठताना सभ्य गृहस्थाचा चेहरा ठेवणे, यामागे टोळीतली वर्षे होती. त्याचे नाव ऑस्करसाठी दोनदाच पुढे आले, आणि दोन्ही वेळा दुःखी, गंभीर भूमिकांसाठी. हसविण्याचे काम देखण्या माणसाने केले तर ते काम म्हणून लिहिलेच गेले नाही. अखेरीस १९७० साली सन्मानाचे ऑस्कर देऊन भरपाई करण्यात आली. थकबाकी उशिरा मिळते हे आम्हाला नवीन नाही.

टायरोन पॉवर याला ही थकबाकी मिळालीच नाही. त्याचा बापही रंगभूमीवरचा नामांकित नट. १९३६ साली फॉक्सने मुलाला नायक केला आणि मग तलवार, झगा आणि घोडा यांतून त्याची सुटका होईना. १९४७ साली त्याने आग्रह धरून 'नाइटमेअर ॲली' केला. जत्रेतला एक गोडबोल्या तरुण लोकांची मने वाचण्याचे सोंग करीत श्रीमंतांच्या दिवाणखान्यापर्यंत चढतो आणि शेवटी जत्रेतल्या सर्वांत खालच्या पायरीवर, दारूच्या घोटासाठी जिवंत कोंबडीची मान चावणाऱ्या अभाग्याच्या पायरीवर येऊन पडतो. तो सुंदर चेहरा कसकसा विरघळत जातो ते पाहण्यासारखे आहे. चित्रपटाला धंदा झाला नाही. संस्थेने त्याला पुन्हा ऐतिहासिक पोशाखांत घातला. तो अधूनमधून रंगभूमीवर जाऊन श्वास घेत असे. १९५७ साली बिली वाइल्डरच्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' मध्ये तो खुनाचा आरोपी झाला आणि त्याचा वकील झाला चार्ल्स लॉटन. आमची दोन्ही खाती एकाच न्यायालयात समोरासमोर! चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षकांना विनंती आहे, की शेवट कोणास सांगू नये. आम्ही ती पाळतो. एवढेच सांगतो, की देखण्या चेहऱ्याविषयी आपण जे गृहीत धरतो त्यावर त्या चित्रपटाची सारी इमारत उभी आहे आणि ती पॉवरने तोलून धरली आहे. ऑस्करसाठी नाव गेले लॉटनचे. पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये तलवारीच्या झुंजीचा प्रसंग चित्रित करताना पॉवरला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय अवघे ४४. मरणही तलवार हातात असतानाच आले.

आता ज्याच्यासाठी हे व्याख्यान आम्ही योजिले त्या माणसाकडे येतो. रॉबर्ट माँगमरी. मेट्रोचा गुळगुळीत, हसतमुख, श्रीमंत घरचा प्रियकर; वर्षानुवर्षे हातात मद्याचा पेला आणि अंगात संध्याकाळचा कोट. १९३३ च्या मार्चमध्ये बँका बंद पडल्या तेव्हा चित्रसंस्थांनी आठ आठवडे पगार निम्मे करण्याचे ठरविले. त्या वर्षी नटांनी आपली संघटना काढली, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड. १९३५ ते १९३८ या काळात तिचा अध्यक्ष होता हा गुळगुळीत माँगमरी. १९३७ च्या मे महिन्यात, संप तोंडावर आलेला असताना, मालकांनी संघटनेला मान्यता दिली. आणि त्याच वसंतात माँगमरीचा 'नाइट मस्ट फॉल' पडद्यावर आला. ही भूमिका त्याने मागून, भांडून घेतली होती. खेड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी गोड बोलून राहिलेला तरुण नोकर, जवळ टोपीची पेटी, आणि त्या पेटीत काय असावे या शंकेने पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ज्या हास्यावर मेट्रोने पैसे मिळविले होते तेच हास्य त्याने जसेच्या तसे वापरले आणि भीतीचे करून दाखविले. त्याचे नाव ऑस्करसाठी गेले. एकाच वर्षी या माणसाने आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी मान्यता मिळविली आणि स्वतःसाठी आपला चेहरा परत मिळविला. आम्हाला या दोन गोष्टी एकच वाटतात.

त्याला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. १९४७ साली वॉशिंग्टनच्या चौकशी समितीपुढे अनुकूल साक्ष देणाऱ्यांत रॉबर्ट टेलर होता आणि माँगमरीही होता. त्या चौकशीतून काळ्या याद्या निघाल्या आणि कित्येकांची भाकरी गेली. जॉन गारफील्डने १९५१ साली सहकाऱ्यांची नावे सांगण्याचे नाकारले. त्याची कामे आटली आणि पुढल्याच वर्षी ३९ व्या वर्षी तो वारला. रूपाचा जसा अभिनयाशी वैरभाव नाही, तसा रूपाचा वा अभिनयाचा धैर्याशीही काही करार झालेला नाही.

शेवटचे नाव माँगमरी क्लिफ्टचे. याने आरंभीच सात वर्षांचा करार नाकारला. १९५६ च्या मे महिन्यात मोटार अपघातात त्याचा चेहरा फुटला. तेव्हा चालू असलेला चित्रपट पुढे पुरा झाला आणि अपघाताआधीचा चेहरा कोणता, नंतरचा कोणता, हे लोक शोधत बसले. १९६१ च्या 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' मध्ये एकाच प्रसंगात तो साक्षीदार म्हणून येतो आणि पाहणाऱ्याचे काळीज हलवून जातो. रूप गेले तेव्हा अभिनय उघडा पडला, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हीही तसे म्हणत होतो. मग त्याचा १९५१ चा 'अ प्लेस इन द सन' पुन्हा पाहिला. श्रीमंत चुलत्याच्या कारखान्यात तो माल खोक्यांत भरतो आहे. हात यंत्राच्या चालीने चाललेले, मन दुसरीकडे. चुलत्याच्या घरी जातो तेव्हा खांदे जरासे आत ओढलेले, हातांचे काय करावे हे न कळणारे. साहेबाच्या बंगल्यावर प्रथम गेलेला कामगार असाच उभा राहतो. हे सारे तेव्हाही तेथे होते. आम्ही चेहरा पाहत बसलो होतो.

अध्यक्ष महाराज, आता एक कबुली देऊन आटोपतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या संघटनेचा एक सभासद होता. उंच, गोरा, देखणा. सारे त्याला हिरो म्हणत. पाहुणे आले की व्यवस्थापन त्यालाच पुढे उभा करी, कारखान्याच्या माहितीपुस्तकावर त्याचेच छायाचित्र. वाटाघाटींच्या समितीसाठी त्याचे नाव निघाले तेव्हा आम्हीच ते खोडले. म्हणालो, "हे तोंड साहेबांच्या कामाचे, आपल्या नाही." वडिलांचे वाक्य आमच्या तोंडून निघाले. पुढे जादा कामाच्या पैशांचा तंटा लागला. आमच्याजवळ घोषणा होत्या, पुरावा नव्हता. तेव्हा तो एक वही घेऊन आला. तीन वर्षांची पाळीवार नोंद, तारीख, तास, यंत्राचा क्रमांक, मुकादमाचे नाव, सारे सुवाच्य अक्षरात. त्या वहीवर तो तंटा आम्ही जिंकलो. आम्ही त्याला विचारले, "अरे, आधी का नाही दाखवलीस?" तो म्हणाला, "दादा, मला कधी कुणी विचारलंच नाही."

मालक चेहऱ्याची किंमत करतो आणि माणसाचे काम झाकून ठेवतो. हे आम्ही आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो, आणि तेच आम्ही आमच्या सभासदाला केले. म्हणून जुने बोलपट पाहताना आता आम्ही एक नियम पाळतो. नायक देखणा असला की त्याच्या हातांकडे पाहायचे, दुसरा बोलत असताना तो ऐकतो कसा तिकडे पाहायचे. काम असेल तर तेथे सापडते. नसेल तर नाही म्हणायला आपण मोकळे आहोत. पण आधी पाहिले पाहिजे.